एकूण: तीन-चार

रात्री साडेअकराला शटर अर्धं पाडून
मी त्याला स्वतःचीच परीक्षा घ्यायला लावली.
विद्यार्थी तोच, परीक्षकही तोच,
पर्यवेक्षक म्हणून ट्यूबलाइटपाशी एक पाल.

प्रोसेसर पाच-नऊ. मेमरी पाच-पाच.
डिस्क पाच-नऊ.
चित्रांची चकाकी: तीन-चार.
आणि खाली, ठळक, एकूण: तीन-चार.
सरासरी नव्हे.
सगळ्यात कच्चा विषय जो, तोच निकाल.
आमच्या पिंपळखुट्याच्या शाळेत हा नियम असता
तर चित्रकलेपायी
मी अजून सातवीतच असते.

का कोण जाणे, तो निकाल मी छापून ठेवला.

या यंत्रावर मी काढते ते उत्पन्नाचे दाखले,
शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबारा,
पासपोर्ट फोटोमागचं निळं.
चकाकणारे डोंगर, धावत्या मोटारी
इथे कोणी मागायला येत नाही.

प्रशिक शनिवारी अमरावतीहून एसटीने आला,
मांडीवर स्क्रू-ड्रायव्हरचा डबा घेऊन.
मेमरीची नवी पट्टी बसवली: सहा-नऊ.
एकूण तीन-चार.
घरघरणारी डिस्क काढून बिनआवाजाची लावली: सात-आठ.
एकूण तीन-चार.
मी म्हटलं, पैसे गेले का रे पाण्यात?
तो म्हणाला, आकडा नको पाहू ताई, चहा सांग.

आधी असं व्हायचं,
बटण दाबायचं, ढोकेच्या टपरीवर हाक मारायची,
चहा यायचा, पिऊन व्हायचा,
कपाच्या तळाशी साय वाळायची,
तेव्हा कुठे पडदा निळा व्हायचा.
त्या दिवशी पोरगा किटली घेऊन उंबऱ्यात
आणि आत सगळं मांडून तयार.

गंगाधर आसोले फेरफाराच्या कामाने बाकड्यावर बसले होते,
त्यांना हे सांगितलं.
त्यांचा पांढरा खोंड दोन वर्षांमागे शंकरपटात धावलेला,
घड्याळीने दिलेले सेकंद
त्यांना पोराच्या जन्मतारखेसारखे पाठ.
म्हणाले, "वखराले जुंपला तं दुसऱ्याच तासाले बसला, पोरी.
मोकया रस्त्यानं कोनीबी पयते.
ढेकलात पाह्य."

ढेकळं म्हणजे सोमवार.
चौदा खिडक्या उघड्या, प्रिंटर खोकतो,
स्कॅनर रात्रीतून सगळं विसरून बसलेला,
आणि सर्व्हर, कुठल्या शहरात असतो देव जाणे,
गोल गोल फिरतो आहे.

शेवंताबाई उईकेंचा अंगठा.
वेचणीचा हंगाम, बोंडांच्या काट्यांनी
रेषा पार खरवडलेल्या.
मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा.
ओल्या फडक्याने पुसून, पुन्हा.
दुसऱ्या हाताचा, पुन्हा.
या अंगठ्याचे गुण कुठल्या रकान्यात धरतात
हे त्या रात्रीच्या परीक्षेत नव्हतं.

मग ओटीपीवर करू म्हटलं.
तो जातो मुलाच्या मोबाइलवर.
मुलगा पुलगावला ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये,
सुटी दोन वाजता.

दोन वाजेपर्यंत माझा संगणक
सात-आठच्या वेगाने वाट पाहतो.

"हे हयू हाये का वं रंजू," शेवंताबाई विचारते,
"का मीच?"
मी म्हटलं, नाही, दोघीही नाही.
मग कोण, ते तिने विचारलं नाही.
ओच्यातून बोरं काढली, अर्धी माझ्याकडे सरकवली,
बिया टाकायला टेबलावरचा एक कागद ओढला,
उलटा केला,
आणि विचारलं, कामाचा तं नाही ना?